‘ली’च्या आधी बघा: इंग्रजी क्रियाविशेषणांची यमकं कशी शोधायची

इंग्रजीत चार ओळी जुळवायला बसलं, मग ती मुलांच्या वर्गासाठी असोत, जिंगल असो किंवा वाढदिवसाची कविता, तर क्रियाविशेषणं आधी फार सोपी वाटतात. स्लोली, क्विकली, सॅडली, हॅपिली… सगळ्यांच्या शेवटी ‘ली’ आहेच, म्हणजे यमक आयतंच मिळालं! मोठ्याने वाचलं की मात्र ओळी लंगडतात. ‘स्लोली’ला ‘क्विकली’ जुळवणं म्हणजे मराठीत ‘शांतपणे’ला ‘उद्धटपणे’ जुळवणं. शेपूट सारखं आहे, पण कानाला जुळल्यासारखं काही लागत नाही.

हे का होतं ते गझलेच्या भाषेत चटकन कळतं. या दोन ओळी बघा:

पाऊस सरला हळूहळू
अंधार भरला हळूहळू

इथे ‘हळूहळू’ हा रदीफ आहे, जसाच्या तसा परत येणारा. खरं यमक त्याच्या आधीच्या ‘सरला–भरला’त आहे, तो काफिया. दुसरी ओळ ‘चांदणे आले हळूहळू’ अशी केली तर रदीफ शाबूत राहतो आणि काफिया जातो. इंग्रजी क्रियाविशेषणातला ‘ली’ हा असाच रदीफ आहे, फक्त शब्दाला चिकटलेला. काफिया त्याच्या आधी शोधायचा. ‘स्लोली’चा काफिया ‘ओ’, ‘क्विकली’चा ‘इक’. म्हणून स्लोलीला होली (पवित्र) आणि लोली (हलक्या दर्जाचा) चालतात. क्विकलीला थिकली (जाडसर), सिकली (आजारी दिसणारा), प्रिकली (काटेरी) चालतात. या दोन गटांची सोयरीक होत नाही.

जोर कुठे पडतो ते आधी ठरवा

इंग्रजी यमकाचा नियम असा: शब्दात शेवटचा जोर ज्या अक्षरावर पडतो, त्या अक्षरातल्या स्वरापासून शब्द संपेपर्यंत सगळं सारखं हवं, आणि त्या अक्षराची सुरुवात, म्हणजे स्वराआधीचं व्यंजन किंवा जोडव्यंजन, वेगळी हवी. अक्षर म्हणजे इथे एका दमात निघणारा उच्चाराचा तुकडा, लिपीतलं अक्षर नव्हे.

मराठी माणसाची अडचण जोराचीच असते. मराठीत जोर बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण इंग्रजी शब्दही सगळ्या अक्षरांवर सारखा भार टाकून बोलतो. मग ‘रीसन्टली’ (अलीकडे) आणि ‘जेन्टली’ (हळुवारपणे) आपल्याला जुळल्यासारखे वाटतात, कारण दोन्हींत ‘न्टली’ ऐकू येतं. पण पहिल्यात जोर ‘री’वर आहे. म्हणजे ‘ईसन्टली’ एवढा सगळा तुकडा जुळायला हवा, आणि तो जुळतो ‘डीसन्टली’शी (सभ्यपणे). ‘जेन्टली’त जोर ‘जे’वर, तुकडा ‘एन्टली’. त्याला ‘इन्टेन्टली’ (एकाग्रपणे) जुळतं, कारण त्यात जोर ‘टेन्’वर पडतो.

जोर कळत नसेल तर कुठल्याही चांगल्या इंग्रजी शब्दकोशात उच्चाराच्या खुणा असतात. जोराच्या अक्षराच्या आधी वर एक छोटी उभी रेघ असते. लांब शब्दात खालच्या बाजूलाही एक रेघ दिसते, तो दुय्यम जोर. यमकासाठी वरचीच रेघ बघायची. ‘ॲब्सोल्यूटली’ (पूर्णपणे) आणि ‘रेझोल्यूटली’ (निर्धाराने) डोळ्यांना जुळे भाऊ वाटतात, पण पहिल्यात वरची रेघ ‘लू’च्या आधी आहे आणि दुसऱ्यात अगदी सुरुवातीला. ‘ॲब्सोल्यूटली’ला ‘अक्यूटली’ (तीव्रपणे) किंवा ‘ॲस्ट्यूटली’ (धूर्तपणे) जास्त नेमके बसतात.

एका स्पेलिंगचा सापळा

मराठीत जसं लिहितो तसं बोलतो, निदान बरंचसं. ती सवय इंग्रजीत नडते. ‘अर्ली’ (लवकर) हा शब्द घ्या. स्पेलिंग ई-ए-आर-एल-वाय. आता याच पाच अक्षरांच्या आधी एन लावा, निअर्ली (जवळजवळ). डी लावा, डिअर्ली (जीवापाड). वाय लावा, यिअर्ली (दरवर्षी). सी-एल लावा, क्लिअर्ली (स्पष्टपणे). पी लावा, पर्ली (मोत्यासारखं). कागदावर सहाही एका रांगेत बसतात. उच्चारात दोन तट पडतात: अर्ली आणि पर्ली एकीकडे, उरलेले चार दुसरीकडे. आणि अर्लीची खरी भावंडं आहेत कर्ली (कुरळे), सर्ली (खडूस), बर्ली (धिप्पाड), गर्ली (मुलींचं). त्यांचं स्पेलिंग बघून हे कधीच सुचलं नसतं.

जुन्या यमककोशांत हाच घोळ होता. लंडनच्या जॉन वॉकर यांनी १७७५ मध्ये काढलेल्या कोशात शब्द शेवटच्या अक्षराकडून उलट्या क्रमाने लावले होते. तशा मांडणीत निअर्ली आणि पर्ली शेजारीशेजारीच येणार.

आजची संगणकी साधनं उच्चारावर चालतात. त्यातला पायाभूत म्हणावा असा खुला उच्चारकोश पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा आहे. त्यात १,३४,००० हून अधिक शब्द आहेत आणि प्रत्येक स्वरापुढे आकडा आहे: १ म्हणजे मुख्य जोर, २ म्हणजे दुय्यम, ० म्हणजे जोर नाही. ‘अर्ली’ची नोंद ‘ईआर१ एल आयवाय०’ आणि ‘निअर्ली’ची ‘एन आयएच१ आर एल आयवाय०’ (ईआर, आयएच, आयवाय ही स्वरांची सांकेतिक नावं). यमक शोधायचं म्हणजे १ असलेल्या स्वरापासून शेवटपर्यंतची पट्टी कापायची आणि तीच पट्टी असलेले बाकीचे शब्द गोळा करायचे. यमक सांगणारी संकेतस्थळंही साधारण हेच करतात. एक मात्र ध्यानात ठेवा: हा कोश अमेरिकन उच्चारांचा आहे. ब्रिटिश उच्चारात ‘फॉर्मली’ (औपचारिकपणे) आणि ‘फॉर्मर्ली’ (पूर्वी) एकसारखेच ऐकू येतात, अमेरिकनमध्ये दुसऱ्यात जास्तीचा ‘र’ आहे. ‘अगेन’ (पुन्हा) कुणी ‘मेन’शी (पुरुष) जुळवतो, कुणी ‘रेन’शी (पाऊस). ‘ऑफन’ (वारंवार) ‘सॉफन’शी (मऊ करणे) तेव्हाच जुळतं जेव्हा त्यातला ‘ट’ मुका ठेवाल. आपल्याकडे सर्रास म्हणतात तसं ‘ऑफ्टन’ म्हटलं की यमक गेलं. ज्यांच्यापुढे वाचायचं आहे त्यांचा उच्चार धरा.

हाताने शोधायची रीत

संगणकाने दिलेल्या यादीत निम्मे शब्द असे असतात की जे तुम्ही कधी वापरणार नाही. हाताने शोधलं तर वेळ तितकाच लागतो आणि शब्दांची ओळख होते. ‘ब्राइटली’ (तेजाने) घेऊ.

आधी ‘ली’ सोडवा. उरलं ‘ब्राइट’. जोराचा स्वर ‘आइ’, म्हणून तुकडा ‘आइट’. आता सुरुवातीची व्यंजनं बाराखडी म्हणावी तशी लावत जा: ब, च, ड, फ, क, ल, म, न, र, ट, व, मग जोडव्यंजनं ब्ल, फ्ल, फ्र, स्ल, स्प्र. सगळं मिळून पन्नासेक सुरुवाती होतात, दोन-तीन मिनिटांचं काम. हाती लागतात लाइट, नाइट, राइट, टाइट, स्लाइट, फाइट, काइट, व्हाइट, आणि मागे अक्षर जोडलेला पोलाइट. आता ‘ली’ परत लावा आणि चाळणीतून घाला.

फाइटली, काइटली गळतात, असे शब्द चालत नाहीत. व्हाइटली मोठ्या कोशात मिळेल, पण कुणी वापरत नाही, तोही सोडा. लाइटली, नाइटली, राइटली, टाइटली, स्लाइटली, पोलाइटली टिकतात. इथे थांबणारे फसतात, कारण पुढची चाळणी अर्थाची आहे. नाइटली म्हणजे ‘रात्रीसारखं’ नव्हे, ‘दर रात्री’. राइटली म्हणजे ‘उजवीकडे’ नव्हे, ‘रास्तपणे’. लाइटली म्हणजे ‘उजेडात’ नव्हे. ‘हलक्या हाताने’ किंवा ‘फारसं मनावर न घेता’. स्लाइटली म्हणजे ‘किंचित’, त्यामुळे ‘तेजाने’ म्हणून ज्या ओळीला उंची दिलीत तिच्या जोडीला ‘किंचित’ ठेवून चालेल का, हे तुमचं तुम्ही बघा.

‘ली’ लावताना स्पेलिंगचे दोन-चार वळसे आहेत. हॅपीचं हॅपिली होताना वायचा आय होतो. सिंपल, जेन्टल यांचा शेवटचा ‘ल’ दोनदा येत नाही: सिंप्ली, जेन्टली. ट्रूचा ई पडतो: ट्रूली. शेवटी ‘इक’ असेल तर लिहिताना ‘इकॅली’, पण बोलताना ‘इकली’; अपवाद पब्लिकली, तिथे लिहितानाही मधलं ए-एल नसतं.

आणि एक: ‘क्लिअर्ली’ला ‘अनक्लिअर्ली’ किंवा ‘सर्टनली’ला ‘अनसर्टनली’ जोडून यमक झालं असं समजू नका. जोराच्या स्वराआधीचं व्यंजनही तेच राहिलं तर तो तोच शब्द पुन्हा म्हटल्यासारखा होतो.

तीन अक्षरांची मेजवानी

वर सांगितलेला ‘इकली’ शेवट म्हणजे खजिना आहे. जोर ‘इकली’च्या लगेच आधीच्या अक्षरावर पडतो, त्यामुळे तीन-तीन अक्षरं खडखडीत जुळतात. मॅजिकली–ट्रॅजिकली. फिजिकली–क्विझिकली (शारीरिकदृष्ट्या, प्रश्नार्थक मिस्कील नजरेने). कॉमिकली–इकॉनॉमिकली–ॲस्ट्रॉनॉमिकली. लॉजिकली–पेडागॉजिकली (तर्काने, अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने). प्रॅक्टिकली–टॅक्टिकली. हिस्टॉरिकली–कॅटेगॉरिकली–मेटाफॉरिकली. ‘इअसली’वालेही असेच दिलदार आहेत: क्युरिअसली–फ्युरिअसली, सीरिअसली–मिस्टीरिअसली, ग्लोरिअसली–नोटोरिअसली. मराठी बोलण्यात दर दुसऱ्या वाक्याला येणाऱ्या ‘ॲक्च्युअली’लाही अचूक जोडी आहे, ‘फॅक्च्युअली’. ‘बेसिकली’ आणि ‘ऑब्व्हिअसली’ मात्र या बाबतीत कोरडे आहेत.

तीन अक्षरी यमकाचा एक स्वभाव लक्षात ठेवा: ते विनोदी वाटतं. शोकगीतात ‘ट्रॅजिकली–मॅजिकली’ आलं तर लोक ओठ दाबून हसतील. जाहिरातीत मात्र हेच सोनं. १९६६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या अमूलच्या जाहिरातींतलं ‘अटरली बटरली डिलिशस’ बघा. ‘बटरली’ हा शब्द इंग्रजीत नाहीच. ‘अटरली’ला (पूर्णपणे) नेमकं जुळणारं क्रियाविशेषण मिळत नाही, म्हणून ‘बटर’ला ‘ली’ लावून तो घडवला. चालला का? कारण रदीफ ‘ली’ आणि काफिया ‘अटर–बटर’ दोन्ही ठाकठीक आहेत, जोर पहिल्याच अक्षरावर आहे, आणि घडवलेल्या शब्दात विकायची वस्तूच बसली आहे. शिवाय एक खाच आहे: इंग्रजीत ‘अटरली’ बहुतेक वेळा वाईट विशेषणाआधी येतं, जसं ‘अटरली यूसलेस’. ते ‘डिलिशस’च्या आधी ऐकलं की कानाला गुदगुली होते. अर्थाची ही बारीक जाण नसती तर ते नुसतंच यमक राहिलं असतं.

जुळतं, पण अर्थ भलताच

‘ली’चा उगम जुन्या इंग्रजीतल्या ‘लिक’मध्ये आहे. त्याचा अर्थ देह, आकार. ‘लाइक’ (सारखं) हा शब्दही त्याच घराण्यातला. म्हणजे ‘स्लोली’ मुळात ‘हळू-सारखं’. याच प्रत्ययाने विशेषणंही बनली, म्हणून फ्रेंडली, लव्हली, लोनली, लाइव्हली ही ‘ली’कारान्त असूनही क्रियाविशेषणं नाहीत. ‘ओन्ली’ला ‘लोनली’ सुरेख जुळतं, पण ‘शी वॉक्ड लोनली’ असं लिहिलं तर वाक्य अडखळतं. ती एकटी चालली म्हणायला तिथे ‘अलोन’ हवा.

दुसरा घोटाळा जास्त घातक आहे. काही शब्दांना ‘ली’ लावला की अर्थ दुसऱ्याच गावाला जातो. हार्ड म्हणजे कष्टाने, हार्डली म्हणजे जवळपास नाहीच. ‘ही वर्क्स हार्डली’ लिहिलंत तर कौतुक करायला गेलात आणि आळशी ठरवून आलात. लेट म्हणजे उशिरा, लेटली म्हणजे अलीकडे. हाय म्हणजे उंच, हायली म्हणजे अत्यंत. शॉर्टली म्हणजे ‘थोडक्यात’ नव्हे, ‘थोड्याच वेळात’. निअर म्हणजे जवळ, निअर्ली म्हणजे जवळजवळ. हा एक तरी मराठीत सुखरूप उतरतो. ‘प्रेझेन्टली’ अमेरिकेत ‘सध्या’, ब्रिटिश इंग्रजीत अनेकदा ‘थोड्या वेळाने’.

यमकाच्या नादात अर्थ सुटतो तो बहुतेक वेळा अशा एका सुरातल्या शब्दांत. रेअरली, बेअरली, फेअरली हे तिन्ही अगदी शुद्ध यमक आहेत. आता परीक्षेच्या निकालाला लावून बघा. रेअरली पास होतो तो क्वचित पास होतो. बेअरली पास झाला तो जेमतेम, पस्तीसवर काठावर. फेअरली पास झाला तो कॉपी न करता. आणि हाच ‘फेअरली’ विशेषणाच्या आधी आला, ‘फेअरली गुड’, तर ‘बऱ्यापैकी चांगला’. रेअरली, बेअरली, हार्डली यांच्या पोटात नकार आधीच आहे, तेव्हा त्यांच्या जोडीला आणखी ‘नॉट’ घालू नका.

‘ली’ नसलेली आणि जोडीच नसलेली

‘ली’ नसलेल्या क्रियाविशेषणांत फार डोकं लावायला नको: सून–मून, ट्वाइस–राइस, नेव्हर–क्लेव्हर, मेबी–बेबी, अवे–डे. ‘वन्स’ला ‘डन्स’ (ढ विद्यार्थी) मिळतो. स्पेलिंगवर जाऊन ‘हिअर’ला ‘देअर’ किंवा ‘नाउ’ला ‘स्लो’ जोडू नका म्हणजे झालं.

सडन्ली, पर्फेक्टली, फॉर्च्युनेटली, इमीजिएटली, अल्टिमेटली, सॉफ्टली यांना मात्र कामाचं अचूक यमक नाही. कारण सरळ आहे: जोर मागे, आणि त्यानंतर विशिष्ट अक्षरांची लांब शेपटी, जी दुसऱ्या शब्दात सापडत नाही. इथे तीन वाटा आहेत. अर्धं यमक घ्या, जसं सॉफ्टली–लॉफ्टी (उत्तुंग). स्वर आणि पुढची व्यंजनं जुळतात, गाण्यात ते सहज खपतं. किंवा त्याच अर्थाचा जोडी असलेला शब्द घ्या: सॉफ्टलीऐवजी जेन्टली, इमीजिएटलीऐवजी ‘नाउ’. तिसरी वाट आमच्या मते सगळ्यांत चांगली: ते क्रियाविशेषण ओळीच्या शेवटी ठेवूच नका. इंग्रजीत क्रियाविशेषण बरंच फिरतं. ‘शी रोज सडन्ली’ऐवजी (ती अचानक उठली) ‘सडन्ली शी रोज’ केलं की यमकाचा भार ‘रोज’वर गेला, आणि रोजला क्लोज, नोज, फ्रोज ढिगाने आहेत.

जोडी मिळत असली तरी दोन्ही ओळींच्या शेवटी क्रियाविशेषणंच ठेवली की कविता मिळमिळीत होते. स्लोली–होली, अर्ली–पर्ली, नेव्हर–क्लेव्हर अशी वेगळ्या जातीच्या शब्दांची जोडी जास्त जिवंत वाटते.

फिरवताना एवढं तपासा की जागा बदलल्याने अर्थ तर बदलला नाही ना. ‘ही स्पोक क्लिअर्ली’ म्हणजे तो स्पष्ट बोलला. ‘क्लिअर्ली, ही स्पोक’ म्हणजे उघडच आहे, तो बोललाच. ‘सिंप्ली’, ‘नॅचरली’, ‘ऑनेस्टली’ हेही असेच दोन घरचे पाहुणे. ‘हॅपिली’चा फटका सर्वांत जोरात बसतो. ‘हॅपिली, ही डिड नॉट डाय’: नशीब, तो वाचला. ‘ही डिड नॉट डाय हॅपिली’: तो गेला, आणि सुखाने गेला नाही.